घरासाठी इंकजेट प्रिंटर घेताना: आधी पानाचा भाव काढा, मग यंत्राचा

प्रिंटरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न आपण विचारतो, "हा केवढ्याला?" आणि तीन-चार हजारांचा आकडा ऐकून खूश होतो. पण स्वस्त इंकजेट प्रिंटरवर कंपन्या फारसं कमावत नाहीत, त्यांची कमाई शाईवर होते. त्यामुळे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: "याच्या काळ्या शाईचं कार्ट्रिज किंवा बाटली केवढ्याला येते आणि त्यात पानं किती निघतात?" ही दोन उत्तरं हातात आली की प्रिंटर स्वस्त आहे की महाग ते तिथेच कळतं. यंत्रावरच्या किमतीचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

हा लेख घरगुती वापरासाठी आहे. मुलांच्या वर्कशीट, सातबारा, आधार, तिकिटं, सोसायटीची नोटीस, लग्नाचा बायोडेटा, कधी एखादा फोटो. दुकान, सायबर कॅफे किंवा फोटो स्टुडिओचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

पहिली पायरी: घरातली पानं मोजा

बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो, तोही दोन्ही बाजूंनी. ज्यांच्या घरी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणारं मूल आहे, त्यांना वाटतं महिन्याला वीसेक पानं होतील. प्रत्यक्षात सराव प्रश्नपत्रिकांचाच गठ्ठा शंभरावर जातो. उलट निवृत्त जोडप्याला वाटतं की प्रिंटर लागतोच, आणि वर्षभरात निघतात तीस पानं.

म्हणून महिनाभर एक कागद फ्रिजवर लावून ठेवा. बाहेरून प्रिंट काढून आणली किंवा "घरी प्रिंटर असता तर काढली असती" असं वाटलं, की रेघ मारा. तीन रकाने करा: काळी पानं, रंगीत पानं, फोटो. हे तिन्ही वेगळे मोजायलाच हवेत, कारण त्यांचा खर्च एकमेकांच्या जवळपासही नसतो. शेजारी आणखी एक गोष्ट लिहा: सलग किती दिवस एकही पान लागलं नाही. इंकजेटच्या शाईत पाणी असतं आणि प्रिंटर पडून राहिला की ती हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत सुकते. मुलांची परीक्षा संपल्यापासून जून उजाडेपर्यंत घरातला प्रिंटर झाकून ठेवला जात असेल, तर निवड करताना ते धरायला हवं.

महिना संपला की माझं मत साधारण असं असतं. महिन्याला पंधरा-वीस पानांच्या आत असाल आणि चालत जाण्याच्या अंतरावर झेरॉक्सचं दुकान असेल, तर प्रिंटर घेऊच नका. पान पाच रुपयांना पडलं तरी वर्षाचे हजार-बाराशे होतात. यंत्र नाही, जागा नाही, सुकलेल्या शाईची कटकट नाही. पानं बरीच असतील पण सगळी काळी आणि अधूनमधूनच लागत असतील, तर साधा काळा लेझर प्रिंटर बघा. टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकत नाही. फक्त लेझर तापताना वीज जास्त खातो, तीनशे वॅटच्या पुढे सहज जातो, आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. इंकजेट छापताना दहा-वीस वॅटमध्ये भागवतो. ज्या गावात दुपारची लाइट हमखास जाते तिथे हा फरक महत्त्वाचा आहे.

नियमित छपाई आहे आणि त्यात रंगीत पानंही आहेत, अशांनी पुढे वाचावं.

दुसरी पायरी: कार्ट्रिज की टाकी, हे ठरवा

घरगुती इंकजेट दोन जातींचे. कार्ट्रिजवाल्यात शाईचा छोटा डबा संपला की तो फेकून नवा बसवायचा. टाकीवाल्यात, म्हणजे ज्याला दुकानदार इंक टँक म्हणतात, प्रिंटरच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागात चार पारदर्शक टाक्या असतात आणि बाटलीतून शाई ओतायची. टाकीवाले प्रिंटर एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात आधी आणले. त्या भागात लोक कार्ट्रिजला बाहेरून नळ्या लावून बाटलीतली शाई वापरत होते, तीच पद्धत कंपनीनं अधिकृत केली. आज एप्सन, कॅनन, एचपी आणि ब्रदर, चौघांचेही टाकीवाले प्रिंटर आपल्याकडे मिळतात.

टाकीवाल्याची शाई स्वस्त हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्ट्रिजची एक जमेची बाजू मात्र कुणी सांगत नाही. एचपी आणि कॅननच्या स्वस्त प्रिंटरमध्ये प्रिंट हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. शाई सुकून हेड बंद पडलं तर नवं कार्ट्रिज बसवलं की हेडही नवं. टाकीवाल्यात हेड यंत्रात बसवलेलं असतं. ते कायमचं चोंदलं तर खर्च हजारांत जातो. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलमध्ये हेड सुटं बदलता येतं, एप्सनमध्ये ते काम सर्व्हिस सेंटरचं. म्हणून अधूनमधून छापणाऱ्याला टाकीवाला घ्यायला लावणं हा योग्य सल्ला नाही, मग शाई कितीही स्वस्त असो.

तिसरी पायरी: पानाचा भाव काढा

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तरी हा भाग वाचा.

शाईच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर "साधारण इतकी पानं" असा आकडा दिलेला असतो. तो मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. आयएसओच्या २४७११ आणि २४७१२ या मानकांनुसार पाच ठरावीक पानं पुन्हा पुन्हा छापत राहायचं आणि शाई संपेपर्यंत मोजायचं. सगळ्या कंपन्या तीच पानं वापरतात, त्यामुळे दोन प्रिंटरची तुलना करायला हा आकडा चांगला. घरी मात्र तेवढी पानं निघत नाहीत. चाचणीत छपाई सलग चालते, घरी दोन पानं काढली की प्रिंटर झोपतो आणि उठताना हेड साफ करण्यात शाई घालवतो. मी घरच्या हिशेबात छापील आकड्यातून एक तृतीयांश वजा करते.

आता एक उदाहरण नीट बघू. एचपीच्या डेस्कजेट मालिकेत दिसायला जवळजवळ सारखे दोन प्रिंटर दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात. २३३१ आणि इंक अ‍ॅडव्हांटेज २३३८. तेच आकारमान, तोच स्कॅनर, तीच बटणं. पहिल्याला ८०५ नंबरचं कार्ट्रिज लागतं, काळ्यात साधारण १२० पानं आणि रंगीत १०० पानं. दुसऱ्याला ६८२ नंबरचं, काळ्यात साधारण ४८० आणि रंगीत १५०. कार्ट्रिजच्या किमतीत चौपट फरक नसतो, पानांत मात्र काळ्यापुरता चौपट आहे. यंत्राच्या किमतीत जो थोडा फरक दिसतो तो पहिल्या दोन-तीन कार्ट्रिजमध्येच भरून निघतो. आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वस्त यंत्र उचलून नेतं.

भाव सतत बदलतात, म्हणून खालचे रुपये मी समजुतीसाठी धरले आहेत, आणि पानांचे आकडे एक तृतीयांश वजा न करता छापीलच घेतले आहेत. तुम्ही तुमच्या दुकानातला आजचा भाव टाका, रीत तीच राहील.

समजा ८०५ काळं ८०० रुपयांना आणि रंगीत १,००० ला आहे. काळं पान झालं ८०० भागिले १२०, म्हणजे सुमारे ६ रुपये ६७ पैसे. रंगीत पानाला रंगीत शाईचे १० रुपये आणि वर काळ्याचेही तेवढेच, एकूण १६ रुपये ६७ पैसे. ६८२ ची दोन्ही कार्ट्रिज ९०० ला धरली तर काळं पान १ रुपया ८८ पैसे, रंगीत पान ७ रुपये ८८ पैसे.

आता टाकीवाला. एप्सनच्या एल ३२१०, एल ३२५० या मॉडेलना ००३ नंबरची ६५ मिलिलिटरची बाटली लागते. काळ्या बाटलीत ४,५०० पानं, तीन रंगीत बाटल्या मिळून ७,५०० पानं असा कंपनीचा आकडा आहे. बाटली ४०० रुपये धरली तर काळं पान ९ पैसे आणि रंगीत पान २५ पैशांच्या आसपास.

एका चौकोनी कुटुंबाची महिन्याची ४० काळी आणि २० रंगीत पानं धरा. ८०५ वाल्या प्रिंटरवर शाईचा खर्च महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२००. ६८२ वाल्यावर महिन्याला २३० च्या थोडं वर, वर्षाला २,८०० च्या आसपास. टाकीवाल्यावर वर्षाला शंभर रुपये. सफाईत जाणारी शाई धरून तिप्पट केले तरी तीनशे. टाकीवाला यंत्र म्हणून सात हजारांनी महाग पडला असं मानलं, तर ८०५ च्या तुलनेत तो फरक वर्षभरात वसूल होतो आणि ६८२ च्या तुलनेत अडीच-पावणेतीन वर्षांत.

पण हाच हिशेब महिन्याला फक्त २० काळी पानं काढणाऱ्या घरासाठी करून बघा. ६८२ वर वर्षाचा खर्च साडेचारशे रुपये. टाकीवाल्याचे जादा सात हजार वसूल व्हायला सोळा वर्षं लागतील, आणि तितकी वर्षं प्रिंटर टिकत नाही. "टाकीवालाच घ्या, शाई स्वस्त" हे सरसकट सांगणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो. टाकीवाल्याचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः रंगीत पानांमुळे.

तुमच्या तीन रकान्यांतले आकडे यात बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

चौथी पायरी: शाई कुठल्या प्रकारची, हे विचारा

पानाचा भाव सारखा असला तरी दोन प्रिंटरच्या काळ्या शाईत मोठा फरक असू शकतो. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, ती कागदात शिरते आणि तंतूंतून थोडी पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वरच बसतात.

इंग्रजी मजकुरात हा फरक कमी जाणवतो, देवनागरीत लगेच दिसतो. साध्या ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागदावर डाय शाईनं लहान टायपातला मराठी मजकूर छापून बघा. रफार, अनुस्वार, 'द्ध', 'क्ष्म' असली जोडाक्षरं यांच्या आतल्या पोकळ्या भरत जातात आणि वेलांटीची टोकं जाड होतात. दहाच्या टायपात छापलेलं अथर्वशीर्ष आजोबांना वाचायला दिलंत तर ते चष्मा पुसतील. पिगमेंट काळ्यात तोच मजकूर स्वच्छ उमटतो. दुसरं म्हणजे पाणी. पावसाळ्यात छत्रीतून तहसील कार्यालयात नेलेल्या कागदावर चार थेंब पडले तर डाय शाई ओघळते, पिगमेंट काळी बरीचशी टिकते. हायलायटर फिरवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हाच फायदा.

फोटोंचं मात्र उलटं आहे. चकचकीत फोटो पेपरवर डाय शाईचे रंग जिवंत येतात.

कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक मॉडेलांत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत डाय असते. एप्सनच्या ००३ मध्ये चारही डाय. एप्सनची ००१ नंबरची शाई लागणारी वरची मॉडेलं पिगमेंट काळी वापरतात, ती महाग असतात. घरात मुख्यतः मराठी मजकूर आणि सरकारी कागद छापायचे असतील तर मी पिगमेंट काळ्याला झुकतं माप देते.

पाचवी पायरी: सोयी निवडा, पण हात राखून

स्कॅन आणि झेरॉक्स करणारा प्रिंटर घ्यावाच. नुसत्या छपाईच्या यंत्रापेक्षा दीड-दोन हजारच जास्त पडतात आणि आधारची झेरॉक्स घरात निघते.

वाय-फाय आजच्या घडीला चैन राहिलेली नाही. शाळेची वर्कशीट व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ती आईच्या मोबाइलवरून थेट छापता आली पाहिजे. वायर लावून लॅपटॉप उघडायचा म्हटलं की छपाई टळते, आणि छपाई टळली की हेड सुकतं. मॉडेलच्या नावात एका आकड्याचा फरक असतो, नीट वाचा. एप्सन एल ३२१० ला वाय-फाय नाही, एल ३२५० ला आहे. ब्रदरच्या टी २२० ला नाही, टी ४२० डब्ल्यू ला आहे. स्वस्त प्रिंटरपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. घरचा राउटर ५ वर असेल तर प्रिंटरला नेटवर्क दिसतच नाही आणि लोक यंत्र खराब समजून परत करतात. राउटरमध्ये २.४ चालू करा, काम होतं.

दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं यंत्र कागद निम्मा वाचवतं, पण त्यासाठी पाच-सहा हजार जास्त मोजावे लागत असतील तर हातानं पान उलटा. आधी विषम पानं, मग गठ्ठा फिरवून सम पानं. ज्यांना करारनामे किंवा प्रतिज्ञापत्रं छापायची असतात त्यांनी प्रिंटर लीगल, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब, कागद घेतो का ते बघावं. आणि स्कॅनरची काच बहुतेकदा ए-फोर एवढीच असते, लीगल कागद छापता आला तरी स्कॅन होत नाही, हेही लक्षात असू द्या.

मिनिटाला किती पानं, हा आकडा घरच्यासाठी सोडून द्या.

सहावी पायरी: मॉडेल ठरवा

मॉडेलं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, शाईचा नंबर मात्र बरीच वर्षं चालतो. त्यामुळे शाईच्या नंबरावरून निवडणं सोपं जातं.

कॅनन जी २०२०, जी ३०२० ला जीआय-७१ शाई लागते. काळी बाटली १३५ मिलिलिटरची, सुमारे ६,००० पानं, रंगीत संचात ७,७००. यातलं जी ३०२० वाय-फायवालं. या मॉडेलांचं वैशिष्ट्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: सफाईतली वाया शाई साठवणारं मेंटेनन्स कार्ट्रिज आणि प्रिंट हेड, दोन्ही घरच्या घरी बदलता येतात. त्याचं महत्त्व शेवटी येईल.

एचपी स्मार्ट टँकला काळ्यासाठी जीटी ५३ आणि रंगीतसाठी जीटी ५२. जीटी ५३ च्या ९० मिलिलिटरमध्ये सुमारे ४,००० पानं, मोठ्या १३५ मिलिलिटरच्या बाटलीत ६,०००, रंगीत संचात ८,०००. मोबाइलवरून जोडणी सोपी, मात्र कंपनीच्या अ‍ॅपवर खातं उघडायला लावतात.

ब्रदर टी ४२० डब्ल्यू ची काळी बाटली ७,५०० पानांची आणि रंगीत ५,००० पानांची. काळा मजकूर भरपूर असलेल्यांना चांगली. एप्सनचे आकडे वर दिलेच आहेत. एप्सनची जमेची बाजू वेगळी आहे: शाई आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. त्यांचं हेड शाई तापवत नाही, विजेच्या दाबानं थेंब ढकलतं. त्यामुळे नियमित वापरात ते वर्षानुवर्षं चालतं.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला मी कॅनन किंवा एचपीचं वाय-फायवालं टाकी मॉडेल सुचवेन. गडहिंग्लज किंवा किनवटला राहत असाल तर आधी चौकशी करा की गावात कुठल्या कंपनीची शाई सहज मिळते आणि सर्व्हिस कोण देतं. जे मिळतं तेच घ्या. पानामागे दोन पैसे वाचवायला बाटलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर एसटीचं भाडंच जास्त होईल.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना प्रिंटर आणायला सांगू नका. तिकडचं यंत्र १२० व्होल्टवर चालणारं असू शकतं, आणि शाईचे नंबरही प्रदेशानुसार वेगळे असतात. इथे ००३ शाईवर चालणाऱ्या एप्सनचं तिकडचं भावंड ५२२ मागतं, युरोपात १०४.

सातवी पायरी: दुकानात काय तपासाल

खोक्यात शाई किती आहे ते विचारा. कार्ट्रिजवाल्या प्रिंटरसोबत अनेकदा कमी शाईचं सुरुवातीचं कार्ट्रिज येतं. टाकीवाल्यात बाटल्या पूर्ण येतात, काहींत काळी बाटली एक जास्त असते, आणि ती जास्तीची बाटली म्हणजे खरी सूट. तरी पहिल्या संचातून छापील आकड्याएवढी पानं निघणार नाहीत, कारण बरीच शाई रिकाम्या नळ्या भरण्यात जाते. हा दोष समजू नका, असं एकदाच होतं.

वॉरंटी बघताना वर्षं आणि पानं दोन्ही बघा. काही मॉडेलना "एक वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते" अशी अट असते. कुठे नोंदणी केली तर आणखी एक वर्ष मिळतं, तर ती त्याच दिवशी करून टाका. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

शाई कंपनीचीच घ्यावी का? कार्ट्रिज महाग असल्यामुळे लोक रिफिलकडे वळतात, ते समजण्यासारखं आहे. पण काही कंपन्या फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटमधून बाहेरच्या चिपची कार्ट्रिज बंद करतात, एचपीनं हे उघडपणे केलेलं आहे. टाकीवाल्यात अस्सल शाईचाच भाव नऊ-दहा पैसे पान असताना आणखी चार पैसे वाचवायला हेड धोक्यात घालू नये. अस्सल बाटलीची खात्री करा: सील अखंड, छपाई सुबक, मुदत वाचता येईल अशी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला भाव फारच खाली सांगितला तर बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ झाली की निघा.

जुना प्रिंटर घेत असाल तर समोर नोझल चेकचं, म्हणजे हेडची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं, पान छापून घ्या आणि आतापर्यंत किती पानं निघाली याची नोंद असलेला अहवाल काढायला सांगा. दोन्हींपैकी एकाला नकार आला तर व्यवहार करू नका.

आठवी पायरी: पहिला दिवस

सपाट, हलणार नाही अशा टेबलावर ठेवा. खिडकीच्या उन्हात नको, पंख्याच्या थेट झोतात नको. टाक्या भरताना रंग बघून, बाटली पूर्ण रिकामी होईपर्यंत किंवा वरच्या रेषेपर्यंत ओता. चुकून निळी शाई पिवळ्या टाकीत गेली तर चालू करू नका, सर्व्हिसला फोन करा. पहिली भरणी दहा-वीस मिनिटं चालते, मध्ये वीज जाऊ नये म्हणून शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

नववी पायरी: शाई वाचवणाऱ्या सवयी

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानं बंद करा, भिंतीवरच्या स्विचनं नाही. बटण दाबल्यावर हेड कडेला जाऊन रबरी टोपीत बसतं आणि शाईला हवा लागत नाही. भिंतीवरून वीज तोडली तर ते वाटेत उघडं राहू शकतं आणि छिद्रं सुकतात. छापताना लाइट गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग बटणानं बंद करा.

आठवड्याला एक रंगीत पान छापा. चारही रंग असलेलं कुठलंही चालेल, मुलांना चित्र काढून द्या.

रेघा तुटक आल्या की लगेच सफाई (प्रिंटरमधला हेड साफ करायचा पर्याय) मारू नका. आधी नोझल चेक छापा. त्यात चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते, जिथे तुकडा नाही तिथलं छिद्र बंद. मग एकदा सफाई, पुन्हा नोझल चेक. दोन-तीन वेळा करूनही जाळी पूर्ण झाली नाही तर प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा. सुकलेली शाई ओली होऊन सुटते, सकाळी बऱ्याचदा आपोआप मोकळं झालेलं असतं. दहा वेळा सफाई मारणारे फक्त शाई ओतत राहतात. एप्सनमध्ये पॉवर क्लीनिंग नावाचा पर्याय असतो, तो अगदी शेवटचा. त्यात शाई भरपूर जाते आणि टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या लागतात.

टाकीतली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की ती काढायलाच अर्धी बाटली जाते.

काळा मजकूर छापताना सेटिंगमध्ये ग्रेस्केल निवडा, आणि "फक्त काळी शाई" असा पर्याय असेल तर तो. नाहीतर काही प्रिंटर राखाडी छटा रंगीत शाई मिसळून काढतात. सराव प्रश्नपत्रिकेला ड्राफ्ट, म्हणजे कमी शाईत छापणारा पर्याय, पुरतो. मुलांच्या प्रकल्पातलं पूर्ण काळ्या पार्श्वभूमीचं अंतराळाचं चित्र मात्र कितीतरी साध्या पानांची शाई एकट्यानं खातं, त्याला पांढऱ्या पार्श्वभूमीचं चित्र शोधा. साध्या कागदासाठी साधा कागदच निवडलेला हवा. चुकून फोटो पेपर निवडला गेला तर शाई जास्त पडते आणि पान ओलं होऊन वाकतं.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी रिम उघडली की उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा. जून ते सप्टेंबर कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि शाई पसरते. ट्रेमध्ये वीस-पंचवीसच पानं ठेवा, ७५ किंवा ८० जीएसएमची.

शेवटी, वाया गेलेल्या शाईचं काय होतं

प्रत्येक सफाईत हेडमधून काढलेली शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमते. प्रिंटर त्याची मोजदाद ठेवतो. आकडा भरला की एक दिवस छपाई पूर्ण थांबते आणि पॅडची मुदत संपल्याचा संदेश येतो. लोक घाबरून नवा प्रिंटर घेतात. यंत्र तेव्हा चांगलं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये पॅड बदलून मोजणी शून्य करून मिळते, आणि ज्या मॉडेलना मेंटेनन्स कार्ट्रिज आहे तिथे ते विकत आणून घरीच पाच मिनिटांत बदलता येतं. फक्त संगणकावरून मोजणी शून्य करून देणारे दुकानदार भेटतील. पॅड न बदलता तसं केलं तर काही महिन्यांनी शाई टेबलावर गळते, तेव्हा पॅड बदलल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि घर बदलताना टाकीवाला प्रिंटर आडवा-उभा टेम्पोत टाकू नका. टाक्यांची झाकणं घट्ट आहेत ना ते बघा, ज्या जुन्या मॉडेलना वाहतुकीचं लॉक आहे त्यांचं ते लावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि सपाट, मांडीवर किंवा सीटवर ठेवून न्या. नव्या जागी लावल्यावर पहिलं पान नोझल चेकचं काढा.